सोळावा आठवडा

शनिवार, २२ एप्रिल २०१७

पोचलो. ओहायोतून फ्लोरिडापर्यंत दोन दिवस गाडी चालवली, कंबर धरली आहे. फ्लॅट तोच, २१४. समुद्र तोच. बाल्कनीतल्या खुर्च्या तेवढ्या बदलल्यात.

चाळीस वर्षं लोकांच्या तळघरांत उतरून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्या आणि रोज संध्याकाळी वहीत लिहिलं: घर कोणाचं, बिघाड काय, उपाय काय केला. निवृत्त झालो तरी सवय सुटत नाही. आजची नोंद: घर माझं नाही, बिघाड माझ्या डोक्यात आहे, उपाय सापडलेला नाही.

हा फ्लॅट डोरीनचा. फ्लॅट म्हणजे फ्लॅटमधला वर्षाचा एक आठवडा, सोळावा. टाइमशेअर म्हणतात त्याला. १९८८ साली तिने आणि हॅलने तो विकत घेतला. हॅल टिबेट्स, तिचा पहिला नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मी दुसरा. साठीपर्यंत एकटा राहिलेला माणूस, लग्नाला आता सहा वर्षं. वर्षातले एक्कावन्न आठवडे डोरीन माझी बायको असते. या एका आठवड्यात ती हॅलची विधवा असते आणि मी तिचं सामान वर नेऊन देणारा कोणीतरी.

लिफ्टपाशीच मिशिगनचा क्लिफ भेटला. तो आणि त्याची बायको बेव्ह दर सोळाव्या आठवड्यात शेजारच्या २१६ मध्ये येतात. त्याने डोरीनला मिठी मारली, माझा हात गदागदा हलवला.

"आलास का मिलो! उद्या नऊला चकत्या ढकलायला ये. हॅलच्या वेळची मजा नाही राहिली, पण तूसुद्धा काही वाईट नाहीस."

तूसुद्धा काही वाईट नाहीस. दर वर्षी हेच ऐकायला बाराशे मैल येतो मी.

रविवार, २३ एप्रिल

शफलबोर्ड म्हणजे लांब काठीने आखलेल्या पट्ट्यावर चकत्या ढकलायच्या, बस. त्या पट्ट्यांच्या वर एक लाकडी फळा आहे आणि त्यावर दर वर्षीच्या विजेत्याचं नाव. हॅल टिबेट्स आठ वेळा. मिलो हाव्हलिक शून्य वेळा. स्वागतकक्षात त्याचा फोटोही आहे, २००३ सालचा. उंच, दात पांढरेशुभ्र, हातात काठी. बाजूला डोरीन, पिवळ्या पोहण्याच्या पोशाखात, भलतीकडेच बघून हसतेय. कोणाकडे बघतेय ते चौकटीच्या बाहेर राहिलंय.

डोरीन पहाटे सहाला पोहायला जाते. आठला परत येते, केस ओले, पायाला वाळू, आणि गुणगुणत येते. घरी ती कधी गुणगुणत नाही. सहा वर्षांत एकदाही नाही.

"कुठलं गाणं आहे हे?" मी विचारलं.

"कुठलं?"

"आत्ता म्हणत होतीस ते."

"मी? काहीतरीच तुझं." आणि आंघोळीला गेली. पाण्याच्या आवाजातही गुणगुणणं ऐकू येत होतं.

हॅलच्या आठवणींत न्हाऊन येते ती रोज सकाळी. मला काय कळत नाही का?

मंगळवार, २५ एप्रिल

मालक मंडळींसाठी फुकट नाश्ता. फुकट म्हणजे अंडी खाईपर्यंत फुकट. नंतर तमारा नावाची एक बाई शेजारी येऊन बसली. पांढरी विजार, तोंडभर हसू.

"मिस्टर टिबेट्स, तुमच्यासारख्या जुन्या मालकांना आम्ही दुसरा आठवडा अर्ध्या किमतीत देतोय."

"मी हाव्हलिक. टिबेट्स वारले."

"अरेरे. कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी."

तिने कागद खालीवर केले. कागदांवर हॅल अजून जिवंत आहे. बिलंसुद्धा श्री. व सौ. हॅरल्ड टिबेट्स या नावानेच येतात. अर्धे पैसे मी भरतो, नाव त्याचं.

मी सरळ विचारलं, "एक आहे तो परत द्यायचा असेल तर?"

तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आतून दिवा विझला. "आठवडा कायमचा असतो सर. तुमच्यानंतर तुमच्या मुलांकडे जातो. हीच तर त्याची गंमत आहे."

म्हणजे डोरीननंतर तिची मुलगी शेली, शेलीनंतर तिची पोरं, आणि बिलावर हॅल टिबेट्स जगाच्या अंतापर्यंत. डोरीन टेबलाच्या पलीकडून संत्र्याच्या रसाच्या पेल्यातून बघत होती.

शुक्रवार, २८ एप्रिल

भांडण झालं. भांडलो मीच एकटा म्हणा.

सकाळच्या सामन्यात माझी शेवटची चकती रेषेवर अडली. क्लिफ म्हणाला, "हॅल असता ना, तर..." मी काठी खाली टाकली आणि वर निघून आलो. डोरीन बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होती.

मी म्हणालो, "हा आठवडा विकून टाक. फेकून दे. जाळून टाक. दुसऱ्या माणसाच्या पलंगावर झोपायचा कंटाळा आलाय मला."

"पलंग २०११ साली बदललेत," ती म्हणाली.

"तुला माहितीय मी काय म्हणतोय ते. शेलीच्या गळ्यात कशाला ही धोंड? आणि बिल दर वर्षी वाढतंय."

मला वाटलं ती रडेल, हॅलचं नाव काढेल, मग मलाही तोंड उघडायला जागा मिळेल. तिने टॉवेलला दोन चिमटे लावले, मग तिसरा लावला. टॉवेलला तीन चिमटे कोणी लावत नाही.

"बरं," ती म्हणाली. "देऊन टाकू. पण कागदपत्रं तूच बघ मिलो. मला त्यात पडायचं नाही."

इतक्या सहज? सहा वर्षं मनात घोळवलेलं भाषण तसंच राहिलं. मी जिंकलो, तरी हरल्यासारखं वाटतंय. इतक्या सहज कोणी सोडत नाही, असं मन सांगतंय. काहीतरी लपवतेय.

मंगळवार, ९ मे

ओहायोत घरी परतलो तर 'टाइमशेअरपासून मुक्ती' अशी जाहिरात पत्रपेटीत आली होती. विमानतळाजवळच्या हॉटेलात सभा. चाळीसेक म्हातारे, कॉफी, आणि निळ्या सुटातला एक तरणाबांड वक्ता. बोलला मात्र असं, की बाजूच्या माणसाने डोळे पुसले. 'तुमच्या मुलांना काय देऊन जाणार? ओझं?' मला वाटलं, हा मलाच ओळखतो. चार हजार आठशे डॉलर आधी भरायचे, बाकी सगळं त्यांचे वकील बघणार. मी चेकबुक घेऊन गेलोच होतो.

सही करायच्या आधी वाहनतळावर गेलो, चष्मा गाडीत राहिला होता. तिथे एक बाई भिंतीला टेकून उभी होती. ऐंशीच्या आसपास, हातात फुगलेली फाईल.

"भरलेस का पैसे?" तिने विचारलं.

"भरतोय."

"मी दोन वर्षांपूर्वी भरले, आठवडा अजून माझ्याच गळ्यात आहे. तेव्हा यांचं नाव वेगळं होतं आणि बोलणाऱ्याचा सूट करडा होता. आज सहज आले, कोणी ओळखतं का बघायला." तिने फाईल काखेत घट्ट धरली. "आत गेले तर दारावरच्या पोराने मला बिल्ला दिला. म्हणाला, मावशी, पहिल्यांदा आलात का?"

सही न करताच निघालो आणि तिला घरी सोडलं. नाव अल्मा. वाटेत तिने मला विचारलं, मला का सुटायचंय. मी म्हणालो, खर्च. ती म्हणाली, "खर्चासाठी माणूस एवढा लाल होत नाही." मी रेडिओ लावला.

सोमवार, २२ मे

अल्माच्या पुतणीने सांगितलं होतं की मधल्या दलालांना बाजूला ठेवून थेट रिसॉर्टच्या कंपनीला विचारायचं, आणि एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारायचं. आज सहावा माणूस. ऑड्रे नावाची बाई. आवाज थकलेला, पण माणसासारखा.

"आहे अशी सोय," ती म्हणाली. "जाहिरात नाही करत आम्ही तिची. कर्ज नसेल, बिलं चुकती असतील, तर आठवडा आम्ही परत घेतो. पैसे मिळणार नाहीत हं."

"पैसे नकोतच."

"हक्कसोडपत्रावर बाईंची सही लागेल, नोटरीसमोर. आणि मिस्टर टिबेट्स यांच्या मृत्यूचा दाखला."

एवढंच. इतकी वर्षं तो माणूस कागदोपत्री जिवंत राहिला, कारण त्याचा दाखला कोणी पाठवलाच नाही. डोरीनला का पाठवावासा वाटला नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

गुरुवार, २५ मे

दाखला तळघरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे, असं डोरीन म्हणाली. कुलूप नाही. "घे हवं ते," म्हणाली आणि वाण्याकडे गेली.

वरच फोटो. सगळे २१४ चे, सगळ्यांत तो आहे. काठी धरलेला, खेकडा धरलेला, डोरीनच्या खांद्यावर हात ठेवलेला. मी एकेक उलटा करून ठेवत गेलो. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तो कधी चुकत नाही, त्याचं पोट सुटत नाही.

दाखला सापडला. स्ट्रोक, सकाळी दहा चाळीस, १९ मे २००८. त्याच्याखाली एक तपकिरी पाकीट. वर हॅलच्या अक्षरात 'सोळावा आठवडा'. पाकीट वर आणलंय. अजून उघडलं नाही.

शनिवार, २७ मे

उघडलं.

हॅलची पत्रं. स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या नकला, सगळी कंपनीला. पहिलं १९८९ चं, म्हणजे विकत घेतल्यावर एका वर्षाने. शेवटचं एप्रिल २००८. वीस पत्रं, दर वर्षी एक. प्रत्येकात तेच: आम्हाला हा आठवडा परत करायचा आहे, कृपया मार्ग सांगा. शेवटचं सोडलं तर प्रत्येकाला कंपनीचं तेच छापील उत्तर जोडलेलं.

आधी अक्षर कडक आहे. 'महोदय, संदर्भ फ्लॅट २१४.' दहाव्या वर्षापर्यंत बिचारा ओळख असल्यासारखं लिहायला लागलाय. २००३ चं पत्र, म्हणजे त्या फोटोच्या वर्षीचं, जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

'मला वाळू आवडत नाही. चकत्यांचा खेळ मी फक्त वेळ जावा म्हणून खेळतो, आणि दुर्दैवाने जिंकतो. माझी पत्नी सकाळी दोन तास नसते. परत येते तेव्हा मला न ओळखणाऱ्या बाईसारखी आनंदी असते. तुमच्याकडे याला उपाय नसणार, हे मला ठाऊक आहे, पण निदान आठवडा परत घ्या.'

मी पोट धरून हसलो. हॅल टिबेट्स, आठ वेळा विजेता, तिथे सुखी नव्हता! क्लिफला फोन करून वाचून दाखवावंसं वाटलं. डोरीन वर कपड्यांना इस्त्री करत होती, तिने विचारलं, काय झालं एवढं? मी म्हटलं, काही नाही, दाखला सापडला.

रविवार, २८ मे

हसणं फार टिकलं नाही. ती जर हॅलसाठी गुणगुणत नव्हती, तर कोणासाठी?

शनिवार, ३ जून

क्लिफला फोन केला. कारण सांगितलं, गाडीच्या टायरबद्दल विचारायचंय. टायरवर वीस मिनिटं गेली.

मग म्हणालो, "डोरीन सकाळी पोहायला जाते ना, तेव्हा कोणी असतं का रे बरोबर?"

"बरोबर? डोरीनच्या? छे. बेव्ह गेली होती एका वर्षी. डोरीनने तिला सांगितलं, गोड हसून हं, की मी एकटीच जाते."

"आणि एकटीच जाते?"

"मिलो, तू ठीक आहेस ना?"

"टायरचं बघतो," म्हणालो आणि ठेवला.

बेव्हला नको म्हटलं. म्हणजे लपवण्यासारखं नक्की आहे. किनाऱ्यावरच्या छत्र्या लावणारा माणूस आठवतो, दाढीवाला, पन्नाशीचा, डोरीनला नावाने हाक मारतो. हॅलच्या वेळीही तोच होता का?

गुरुवार, १५ जून

बँकेत नोटरीसमोर सही झाली. नोटरीबाई तरुण होती, तिने दाखल्यावरचं नाव वाचलं, मग हक्कसोडपत्र वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मिस्टर टिबेट्स नाही."

"नाही," म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोलताना मजा आली.

डोरीनने सही झटकन केली. पेन बाईंना परत द्यायचं विसरली, ते हातातच घेऊन बाहेर आली. मीच आत जाऊन परत दिलं. घरी आल्यावर तिने सगळ्या खिडक्या पुसल्या, आतून आणि बाहेरून. मी म्हटलं, बस कर, दमशील. ती म्हणाली, होतच आलं.

मला हलकं वाटतंय. छत्रीवाल्याचाही निकाल लागला एका सहीत.

बुधवार, ६ सप्टेंबर

पत्र आलं. आठवडा कंपनीच्या नावावर झाला. आता आमच्याकडे तिथलं काही नाही, ना बिल ना हॅल.

शुक्रवारी चर्चच्या सभागृहात तळलेली मासळी असते, पण थांबायला धीर नव्हता. आजच डोरीनला जेवायला बाहेर नेलं. तिच्या आवडत्या पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, मागवल्या, कांदा जास्त घालून. तिने दोन खाल्ल्या, बाकीच्या माझ्या ताटात सरकवल्या. मी म्हणालो, पुढच्या एप्रिलला आपण नायगाराला जाऊ, किंवा कुठेही, जिथे आपण दोघंच पहिल्यांदा जाऊ. ती म्हणाली, "नायगाराला गार असतं रे एप्रिलमध्ये." पण रागावून नव्हे. अजिबात रागावून नव्हे.

डोरीन हल्ली लवकर झोपते. वय झालंय आमचं.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला शेली आली, नवरा आणि पोरं घेऊन. टर्की खाऊन झाल्यावर मी अभिमानाने सांगितलं की तिच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं. शेलीने हातातली बशी ओट्यावर ठेवली.

"आईने सही केली? आमच्या आईने?"

"बँकेत. दोन मिनिटांत."

"मिलो, बाबा एकोणीस वर्षं तिच्यापुढे डोकं आपटत होते. पत्रं लिहायचे ते कंपनीला, आणि कंपनी एकदा हो म्हणाली होती, माहितीय? दोन हजार आठला. कागद घरी आले. आई म्हणाली, माझ्या जिवात जीव आहे तोवर सही करणार नाही. घरभर आरडाओरडा. मी फोनवर ऐकलाय." तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला हो म्हणाली? का?"

"म्हटली बुवा."

"तुम्ही तिला विचारलंत का, तिला काय हवंय?"

विचारायचं काय त्यात. उलट माझी छाती इंचभर फुगली. हॅलला एकोणीस वर्षं नाही, आणि मला एका झटक्यात हो. फळ्यावर नाव आठ वेळा असू दे त्याचं. खरी स्पर्धा मी जिंकलोय.

शनिवार, २५ नोव्हेंबर

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

शेली गेल्यावर डोरीन ताटं कपाटात लावत होती. मी मागून जाऊन तिला धरलं आणि म्हणालो, "हॅलला नाही म्हणालीस आणि मला हो. मला आधी का नाही सांगितलंस? एवढं तरी सुख दे नवऱ्याला."

ती वळली नाही. म्हणाली, "कागद आले होते तो सोमवार होता. सकाळी आठपासून भांडत होतो. मी त्याला म्हणाले, तुला माझा एक आठवडाही बघवत नाही. तो म्हणाला, तू तिथे कोण असतेस ते मला कधी कळलं नाही. मी दार आपटून बागेत गेले. परत आले तेव्हा तो याच फरशीवर पडला होता."

दहा चाळीस. दाखला मी हातात घेतला होता, वेळ वाचली होती.

"एप्रिलमध्ये बाल्कनीत तुझा चेहरा बघितला मी," ती म्हणाली. "तसाच लाल, तसाच. मग मी म्हटलं बरं. परत फरशीवर कोणी नको होतं मला, मिलो. आठवडा गेला तर गेला."

मग विचारलं, आणि हे विचारल्याची लाज वाटते, पण विचारलं: "तिथे कोण होतं?"

"कुठे?"

"सकाळी. पाण्यात. छत्रीवाला?"

डोरीन हसायला लागली. मग हसताना तिचा आवाज फाटला आणि तिने ओट्याला धरलं. "कोणी नाही रे. आईचं करत होते, मग हॅलचं, शेलीचं, दातांच्या दवाखान्यात लोकांची तोंडं बघत तीस वर्षं. आता तू. दोन तास कोणीच नाही. तेवढंच होतं ते."

माझं सगळं आयुष्य मी बिघाड शोधण्यात घालवलं. भट्टी चालू असताना तिचा आवाज ऐकून सांगायचो काय बिघडलंय ते.

सोमवार, ८ जानेवारी २०१८

कंपनीला फोन केला. नशिबाने ऑड्रेच होती.

"परत हवाय?" ती म्हणाली. "सर, अकरा वर्षं आहे मी इथे. असा फोन पहिलाच." कॉम्प्युटरवर बोटं वाजली. "२१४, सोळावा, मिळेल. पण नव्याने घ्यावा लागेल, आजच्या किमतीला."

किंमत ऐकली आणि आकडा लिहून घेतला. जेवताना डोरीनपुढे कागद ठेवला. तिने वाचला आणि घडी करून मीठदाणीखाली सरकवला.

"वेडा आहेस का? आपण नाही घेत हे."

"पण तुझा आठवडा..."

"मला तो फ्लॅट कधीच नको होता. तो हॅलला विकला त्यांनी, फुकट नाश्त्याला बसवून. मला पाणी हवं होतं. पाणी काही त्या कंपनीचं नाही." मग बटर लावता लावता म्हणाली, "तिथून तीन मैलांवर साधी मोटेल आहेत. मी एक बघून ठेवलंय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात."

"मी येऊ?"

माझ्याकडे बघितलं तिने. नीट, बराच वेळ. "या वर्षी नको," ती म्हणाली.

मी बरं म्हणालो. तिने बाल्कनीत म्हटलं होतं तसंच निघालं ते तोंडातून.

शनिवार, २१ एप्रिल २०१८

विमानतळावर सोडलं. बॅग एकच, खांद्यावरची. मला उचलू दिली नाही.

वाटभर डोक्यात तेच चालू होतं. मोटेलवर कोण असेल, शेजारच्या खोलीत कोण, विमानात शेजारी कोण बसेल. तिथे कोणीही नाही हे मला ठाऊक आहे, तिने सांगितलंय, माझा विश्वास आहे, आणि तरीही. कोणी नाही याचाच हेवा वाटतो. छत्रीवाला असता तर निदान त्याला चार शब्द सुनावले असते.

तिने गालाचा मुका घेतला. "औषधं घे वेळेवर. आणि छपराच्या पन्हळीतली पानं काढायला शिडीवर चढू नकोस."

"सोमवारी फोन करशील?"

"करीन."

सोमवार, २३ एप्रिल

फोन आला सकाळी साडेआठला. मी साडेसहापासून स्वयंपाकघरात बसून होतो, पण पहिल्या घंटीला उचलला नाही. तिसऱ्या घंटीला उचलला.

ओठांवर प्रश्न आला होता: कोण होतं बरोबर? गिळला. म्हणालो, "पाणी कसं होतं?"

तिला वाटलं असावं, चुकीच्या माणसाला फोन लागला.

मग बोलायला लागली. काल लाटा होत्या म्हणून लांब गेली नाही, आज सपाट होतं, ताटासारखं. पहिल्यांदा गुडघ्यापर्यंत गेलं की अंगावर काटा येतो, मग पोटापर्यंत आलं की आतून काहीतरी सैल होतं. पाठीवर पडून राहिलं की कानात पाणी जातं आणि किनारा ऐकू येत नाही. पेलिकन डोक्यावरून गेले, सात होते, एकामागे एक, तिने मोजले. सात वर्षांत तिने समुद्राबद्दल मला एवढं सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी खुर्चीवर बसून ऐकत राहिलो आणि मधूनमधून हं म्हणत राहिलो.

"आणि आता स्टिंग रे यायला लागलेत," ती म्हणाली. "चपटे मासे, शेपटीला काटा असतो. वाळूत अंग पुरून बसतात, दिसत नाहीत. त्यांच्यावर पाय पडला तर मेलास."

"मग तू आत जातेस कशी?"

"पाय उचलायचा नाही. पाय घासत घासत जायचं. वाळू हलली की त्यांना कळतं आणि ते आपणहून बाजूला होतात."

"घासत म्हणजे कसं?"

"जसं सांगतेय तसं. टाच वर नाही येऊ द्यायची. घाई नाही करायची."

मी उठलो. फोन कानाला होता, पायात लोकरीचे मोजे. शेगडीपासून खिडकीपर्यंत, तळवे फरशीवरून न उचलता, एक पाऊल, मग दुसरं.

"काय करतोयस तू?" डोरीनने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "सांग पुढे."